गोठ्यातला ताप

त्या वर्षी उन्हाळा काही केल्या हटेना. ओढ्याकाठचं गवत वाळून पार काडी झालं होतं आणि गायींच्या बरगड्या कातड्याखालून दिसायला लागल्या होत्या. त्यातच नव्यानं आणलेल्या कबरीनं गाभ टाकला. दादानं बाह्या वर सारल्या, नुसत्या हातांनी ते मेलेलं वासरू ओढून काढलं, बांधाच्या कडेला पुरलं, हात धुतले आणि नेहमीसारखा तांबडीच्या धारेला बसला. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यानं अंथरूण धरलं.

ताप असा की धड चढत नव्हता, धड उतरत नव्हता. सकाळी माणूस बरा दिसायचा, चहा मागायचा. दिवस कलला की अंगात हुडहुडी भरायची आणि मग असा घाम सुटायचा की सदरा पिळून काढावा. कंबर तर कुणी कुऱ्हाडीनं फोडल्यासारखी दुखायची. गोठ्यात तांबडी, कबरी आणि बांडी अशा दुभत्या गायी तीन, शिवाय एक कालवड. घरात आई, तिचे गुडघे गेलेले. वहिनी पोटुशी. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. मग आईनं विद्यापीठाच्या वसतिगृहात फोन लावला आणि धाकटीला सांगितलं, "तू ये. दादा उठेपर्यंत तरी ये."

धाकटीचं शेवटचं वर्ष होतं. रक्त तपासायचं शिक्षण. गल्लीतल्या लोकांना त्याचं नाव नीट सांगता यायचं नाही; कुणी नर्स म्हणायचं, कुणी डॉक्टरीण. दादा तिला 'डास' म्हणायचा. "आमचा डास रक्त प्यायला शिकतोय, सरकारी परवान्यावर," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा आणि स्वतःच हसायचा. पण तिच्या शिक्षणाचा सगळा भार त्या गोठ्यावर होता, आणि गोठ्याचा भार दादाच्या पाठीवर. हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून कुणी बोलून दाखवत नव्हतं.

शेवटच्या वर्षाच्या मुलांना दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करावं लागे. तिनं अर्ज-विनंत्या करून घराजवळचा दवाखाना मागून घेतला. तिला वाटलं, दोन्ही जमेल.

पहाटे उजाडायच्या आत उठायचं. शेण काढायचं, वैरण टाकायची, तिन्ही गायींच्या धारा काढायच्या. किटल्या घेऊन गल्लीत रतीब घालायचा: पहिलं शिंपिणीचं घर, मग बेकरीवाला, मग शाळेचा शिपाई, मग चढावरची घरं. परत येऊन दोन तांबे अंगावर ओतायचे आणि बस गाठायची. संध्याकाळी तेच उलटं. पहिल्या आठवड्यातच तिचे हात सुजले. धार काढायची सवय सुटलेली. अंगठ्याच्या पेरावर चिरा पडल्या आणि त्या दिवसभर चुरचुरायला लागल्या.

प्रयोगशाळा म्हणजे दवाखान्याच्या मागच्या अंगाची एक लांबट खोली. एकच खिडकी, तीही जाळीची. भिंतीला लागून पांढरा ओटा, त्यावर मायक्रोस्कोप, रक्त फिरवायचं यंत्र आणि नळ्यांचे स्टँड. शिकाऊ मुलं तिघं. त्यांच्यावर विद्यापीठाच्या मॅडम. मॅडम उंच, सडसडीत, आवाज कधी न चढवणाऱ्या. पण त्यांनी नुसतं घड्याळाकडे पाहिलं तरी समोरच्याचे हात भरभर चालायला लागायचे.

पहिल्याच आठवड्यात धाकटी एकदा उशिरा पोचली. ती स्टुलावर बसली तशी शेजारची मुलगी नाक न मुरडता, अगदी सभ्यपणे, आपलं स्टूल हातभर पलीकडे सरकवून बसली. धाकटीनं खाली मान घालून आपलं मनगट हुंगलं. साबणाच्या वासाखाली शेणाचा वास तसाच होता.

"हात दाखव," मॅडम म्हणाल्या.

तिनं दाखवले.

"या चिरा कशाच्या?"

"घरी काम असतं, मॅडम."

"असे हात घेऊन रक्ताला हात लावतेस? दोन-दोन हातमोजे घाल. आणि हजेरीचं लक्षात आहे ना? कमी पडली तर परीक्षेला बसता येत नाही. मग मी काही करू शकत नाही."

"हो, मॅडम."

"इथला नियम एकच. दिसेल ते लिहायचं, लिहिलं ते डॉक्टरकडे द्यायचं. पेशंटशी त्यावर अक्षर बोलायचं नाही. तो नात्यातला असला तरी."

असे दिवस चालले. गोठ्यात असली की तिचं लक्ष बसकडे आणि प्रयोगशाळेत असली की गोठ्याकडे. मायक्रोस्कोपला डोळा लावून पेशी मोजताना तिला मध्येच वाटायचं, कालवडीला पाणी दाखवलं का आपण? आणि मोजणी चुकायची. पुन्हा पहिल्यापासून. घरी पोचायला उशीर झाला की गायी ओरडत असायच्या आणि आई दारातच उभी.

"आलीस? तांबडीची कास फुटायला आली. तिला काय कळतंय तुझं कॉलेज!"

"आई, बस चुकली."

"रोज कशी चुकते?"

दादा आतून ओरडायचा, "अगं तिला पाणी तरी पिऊ दे." पण तोही उठत नव्हता. उठवतच नव्हतं त्याला.

ती त्याच्या मागे लागली होती. "दादा, दवाखान्यात चल. रक्त बघू या."

"तुझ्या परीक्षेसाठी मला टोचून घेऊ होय? जा, दुसरा बकरा बघ."

"मस्करी नको. अंगावर काढू नकोस."

"उन्हाचा ताप आहे. पाऊस पडला की जाईल."

मग एका सकाळी तो हट्टानं धारेला बसला. तांबडीला तो हवाच होता, तिनं मान वळवून त्याची पाठ चाटली. बादली अर्धीही भरली नाही तोच त्याचे हात थांबले. उठायला गेला आणि कमरेत असा वाकला की सरळच होईना. बादली कलंडली. दूध शेणात मिसळून नालीला लागलं. वहिनी भिंतीला धरून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "आज तुम्ही जाताय. नाहीतर मी माहेरी जाते."

दादा गेला. धाकटीच्याच बसनं, तिच्याच शेजारी बसून.

त्याचं रक्त तिनंच काढलं. दंडाला रबरी पट्टा बांधला, शीर चाचपली. हा हात तिनं लहानपणापासून पाहिलेला. याच हाताला धरून ती शाळेत गेली होती. आता तो नुसता हाडांचा होता. दादानं तोंड दुसरीकडे फिरवलं. एवढा बैलासारखा माणूस, सुईला भ्यायचा.

"झालं?"

"कधीच झालं."

"बरं शिकवलंय की," तो हळूच म्हणाला.

डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्या लिहिल्या होत्या. एक मॅडमनीच पुढे केली. "हा ताप बघ. चढतोय, उतरतोय, सांधे धरतोय. ही करून बघ."

तिनं नळी यंत्रात फिरवली. वर आलेलं पिवळसर पाणी थेंबभर घेऊन पांढऱ्या पट्टीवर ठेवलं. शेजारी गुलाबी औषधाचा थेंब. काडीनं दोन्ही एकत्र केले आणि पट्टी हातात धरून हलवत राहिली. काही नसलं तर थेंब तसाच राहतो, सरबतासारखा एकसारखा. तो तसाच राहावा म्हणून ती मनातल्या मनात गयावया करत होती. आणि बघता बघता थेंबाच्या कडेला बारीक रवा धरला. मग मधे. मग सगळा थेंब फुटलेल्या दुधासारखा गुठळ्या-गुठळ्या झाला.

तिनं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

हा रोग जनावरांकडून येतो. गाभ टाकलेल्या गायीच्या स्रावातून, कच्च्या दुधातून. पुस्तकातलं ते पान तिला तोंडपाठ होतं. त्या पानात कबरी आहे हे मात्र तिला आत्ता कळत होतं.

रिपोर्ट घेऊन ती डॉक्टरांच्या खोलीत गेली. दादा त्यांच्यासमोर बसला होता. डॉक्टर नवीन बदलून आलेले, तरुण, सारखे घाईत. हा पेशंट हिचा भाऊ हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी कागद पाहिला आणि भुवया वर केल्या.

"घरी जनावरं आहेत का? गायी, शेळ्या?"

दादानं धाकटीकडे पाहिलं. ती पडद्यापाशी उभी होती. त्या एका प्रश्नात त्याला सगळं कळलं असावं.

"नाही," तो म्हणाला.

"दूध कुठून घेता?"

"विकत."

सगळ्या गल्लीला दूध घालणारा माणूस सरळ तोंडानं बोलला. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं, गोळ्या दिल्या, एकही चुकवायची नाही, बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत असं बजावलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. धाकटीच्या जिभेवर शब्द आले होते. ते तिथंच राहिले. पेशंटशी बोलायचं नाही हा नियम होता. डॉक्टरशी बोलायचं नाही असा काही नियम नव्हता. हे तिला बाहेर आल्यावर सुचलं.

घरी परतल्यावर गोठ्यातच सगळे जमले.

"खोटं का बोललास?" तिनं विचारलं.

"मग काय सांगू? गायी आहेत म्हणून? उद्या सरकारी माणूस येऊन उभा राहील. एकदा का गाडीत घातली की गाय परत येत नाही, माहितेय मला. पलीकडच्या वस्तीवर बघितलंय मी."

"दूध कच्चं पितात लोक, दादा."

"आपले आजोबा कच्चं प्यायचे."

आई मध्ये पडली. "तुझ्या त्या एका थेंबापायी गोठा रिकामा करू? आणि मग खाऊ काय, तुझं सर्टिफिकेट?"

"आई, हे गायींतून आलंय. दादाला आलं, उद्या वहिनीला येईल. तिच्या पोटात..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. वहिनी गव्हाणीला टेकून उभी होती. तिनं आपला हात पोटावर ठेवला, मग काढला, मग काय करावं न कळून वैरणीच्या काड्या उचलायला लागली.

"दूध उकळून प्यायचं," शेवटी दादा म्हणाला. "तू म्हणतेस तर उकळू. गल्लीतही सांग, उकळून प्या म्हणून. का ते सांगू नकोस. झालं? आता हा विषय बंद."

आणि विषय बंद झाला. म्हणजे बोलणं बंद झालं. ती हातमोजे घालून धारा काढायला लागली तर आईनं ते रागानं ओढून काढले. "रस्त्यावरून लोक बघतात. काय म्हणतील?" मग ती दार लोटून, अंधारात धारा काढायची. दारोदार किटली ओतताना सांगायची, "उकळून घ्या हं." बेकरीवाला म्हणायचा, "आम्ही उकळतोच." शिपाई म्हणायचा, "का गं, पाणी घातलंय का?" आणि शिंपीण हसायची. "आमची चिमी तर किटलीला तोंड लावूनच पिते. ऊन दूध आहे, त्याला काय उकळायचं!"

"नका देऊ तसं, मावशी."

"का?"

"उन्हाळा आहे. बाधतं."

बाधतं. यापलीकडे तिला शब्द नव्हता. ती प्रयोगशाळेत खरं लिहायची आणि गल्लीत खोटं ओतायची. बसमध्ये दोन्हीच्या मध्ये बसायची, खिडकीला डोकं टेकून, आणि कुठंच पोचू नये असं तिला वाटायचं. जेवण जाईना. शेजारची मुलगी एकदा म्हणाली, "तुला बरं नाही का?" तिनं तशाच पट्टीवर स्वतःचाही थेंब टाकून पाहिला. तो सरबतासारखा स्वच्छ राहिला. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट लाज वाटली.

वहिनीला तिनं फितवलं आणि आईला न सांगता दवाखान्यात नेलं. तिचाही थेंब स्वच्छ निघाला. परतीच्या वाटेवर वहिनीनं तिचा हात धरून ठेवला, पण गायींबद्दल दोघी काही बोलल्या नाहीत. ते घर वहिनीचं होतं. तिला तिथंच राहायचं होतं.

दादाला गोळ्यांनी गुण येत होता. घाम थांबला. तो अंगणात येऊन बसायला लागला. आई म्हणाली, "बघ, उगाच आभाळ कोसळल्यासारखं करत होतीस."

त्याच आठवड्यात, सकाळच्या नळ्यांत, एक लहान नळी आली. लहान मुलांच्या नळ्या बुटक्या असतात. वर चिकटवलेल्या कागदावरचं नाव तिनं वाचलं. मग खिडकीच्या जाळीतून बाहेर पाहिलं. बाकावर शिंपीण बसली होती, आणि तिच्या मांडीवर चिमी. एरवी गल्लीत पायाला भिंगरी लावल्यासारखी हिंडणारी पोरगी पाय पसरून पडली होती, आणि शिंपीण तिचा सुजलेला गुडघा फुंकर घालून घालून थंड करत होती.

धाकटीनं थेंब ठेवला. गुलाबी थेंब ठेवला. हलवला. तिला आता पाहायचीही गरज नव्हती, पण तिनं पाहिलं. कडेला रवा धरला.

तिनं पट्टी तशीच हातात धरून मॅडमसमोर नेली.

"पॉझिटिव्ह," मॅडम म्हणाल्या. "लिही."

"मॅडम, हे आमच्या दुधामुळे आहे."

मॅडमनी चष्मा काढला.

"मागे जो पेशंट आला होता तो माझा भाऊ. आमच्या घरी गायी आहेत. एकीनं गाभ टाकला होता. त्यानं डॉक्टरांना खोटं सांगितलं आणि मी पडद्याशी उभी होते. ही मुलगी रोज माझ्याच हातचं दूध पिते."

खोलीत यंत्र तेवढं घरघरत होतं. शेजारच्या मुलीनं मान वर केली नाही.

"तुला तेव्हाच माहीत होतं?"

"हो."

मॅडम रागावतील, हाकलतील असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "मुलगी बरी होईल, वेळेवर आणलीय. जनावरांच्या डॉक्टरला मी कळवू की तू कळवतेस?"

"मी कळवते."

"मी कळवलं तर तुझं नाव येणार नाही."

"येईल, मॅडम. गल्लीत दुसरं कोण आहे?"

तिनं तिथूनच फोन केला. गल्ली कुठली, गायी किती, कुणी गाभ टाकला, एकेक नोंदवलं. मग बाहेर जाऊन ती शिंपिणीसमोर उभी राहिली आणि नियम मोडून सगळं सांगितलं. शिंपीण ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "आणि तू मला म्हणालीस, उन्हाळा आहे." तिनं पोरीला उचलून छातीशी धरलं आणि पाठ फिरवली.

जनावरांचा डॉक्टर आला तो भर दुपारी. धिप्पाड माणूस, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. आईनं दार लावून घेतलं. दादा आत भिंतीकडे तोंड करून पडला. डॉक्टर अंगणात उभा राहून म्हणाला, "डोकं धरायला कुणीतरी लागेल."

कुणी आलं नाही. मग धाकटीच पुढे झाली. तिनं एकेकीच्या वेसणीला हात घातला, मान उचलून धरली, आणि गळ्याची शीर अंगठ्यानं दाबून वर आणून दिली.

"तुला येतं वाटतं," डॉक्टर म्हणाला.

"माणसांचं शिकतेय."

तांबडी सुई टोचतानाही हलली नाही. तिनं नुसता एक श्वास सोडला, ऊन, वैरणीच्या वासाचा, धाकटीच्या गळ्यावर. कितीतरी आठवडे हिच्याच हाताखाली कास दिलेली. तिचा या हातांवर विश्वास बसला होता.

तिन्ही गायी बाधित निघाल्या. कालवड तेवढी सुटली. रतीब बंद झाला तो त्याच दिवशी. बेकरीवाला दाराशी येऊन आईला वाटेल ते बोलला, शिपायानं पोराबाळांना तपासायला नेलं. धाकटी किटली न घेता गल्लीतून जायला लागली तरी माणसं दार लावून घ्यायची. घरात आई तिला ताट वाढायची, पण ते समोर न ठेवता ओट्यावर ठेवून निघून जायची.

गाडी आली ती सकाळी लवकर, बसच्या आधी. मागचं फळकं खाली टाकून दोघं माणसं उभी राहिली. कबरी निमूटपणे चढली. बांडीही चढली. तांबडी फळक्याशी आली आणि चारी पाय रोवून उभी राहिली. माणसांनी दावं ओढलं, मागून रेटलं. धाकटी पुढे गेली, तिनं चुचकारलं, मानेखाली खाजवलं, दाव्याला हिसडा दिला. तांबडी तिच्याकडे बघत राहिली. पाय उचलेना. एकानं काठी उगारली.

"काठी खाली ठेव," मागून आवाज आला.

दादा दारात उभा होता. किती दिवसांनी त्यानं पायात चपला घातल्या होत्या. तो सावकाश चालत आला, धाकटीच्या हातातून दावं काढून घेतलं. तिच्याकडे पाहिलं नाही. तांबडीच्या कपाळावर पंजा ठेवला, जिभेनं टक् टक् केलं आणि पाठमोरा होऊन फळक्यावर चढला. ती त्याच्या मागोमाग चढली, रोज ओढ्यावर जायची तशी. त्यानं आतल्या दांड्याला दावं बांधलं, गाठ दोनदा तपासली आणि खाली उतरला.

गाडी वळणाआड जाईपर्यंत तो तिथंच थांबला. मग म्हणाला, "आता धारा काढायला कुणी नको. जा तू. तुला जायचंच होतं ना?"

तिला जायचंच होतं. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत, इतके दिवस, तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं. पण नाही म्हणायला आता काही उरलं नव्हतं. दादा आत गेला. वहिनी पोटावर हात धरून मोकळ्या दावणीतलं कालचं शेण भरत होती. ते घ्यायला धाकटी वाकली, तर वहिनीनं मानेनंच नको म्हटलं.

तिनं हात धुतले. थांब्यावर पोचली तर बस यायची होती. ती रिकाम्या बसमध्ये बसून गेली.

प्रयोगशाळेचं दार नुकतंच उघडलं होतं. मॅडम एकट्याच होत्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि सकाळच्या नळ्यांचा स्टँड उचलून तिच्यापुढे सरकवला.

"आज वेळेवर आलीस," त्या म्हणाल्या.

"हो, मॅडम," ती म्हणाली, आणि हातमोजे चढवून तिनं पहिली नळी उचलली.